कोरं कापड

माझी नात जुई पुण्याहून आली की सोफ्यावर पाय वर घेऊन बसते आणि मला फोनवरचे ड्रेस दाखवते. "आजी, याचं फॅब्रिक बघ ना, किती भारी आहे!" मी चष्मा लावून बघते. रंग दिसतो, किंमत दिसते, तो ड्रेस घातलेली काटकुळी मुलगी दिसते. फॅब्रिक काही दिसत नाही. ते हाताला कळायचं असतं, आणि काचेवर हात फिरवला की पुढचाच ड्रेस समोर येतो. "फॅब्रिक म्हणजे कापड गं, एवढंच," जुई म्हणते. एवढंच नाही, पण तिला कोण सांगणार. आमच्या कर्जतला शनिवार-रविवारी येणाऱ्या बंगलेवाल्यांसाठी एक झकपक दुकान निघालंय, तिथल्या मुलीलाही साडी, पडदा, उशीचा अभ्रा, सगळं फॅब्रिकच. माझ्या वडिलांना हा शब्द ठाऊक नव्हता. त्या एका शब्दाच्या जागी त्यांच्याकडे पाचसहा तरी होते, आणि एकाच्या जागी दुसरा वापरलेला त्यांना मुळीच खपत नसे.

आप्पा शिवणकाम करायचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या भातशेती, पण आप्पांचा एक पाय लहानपणापासून अधू, चिखलात उभं राहणं जमेना, म्हणून आजोबांनी त्यांना मशीन घेऊन दिलं. कर्जतला लागूनच असलेल्या भिसेगावात आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, शेजारी बेतायचं लांब लाकडी टेबल, आणि मागच्या खोलीत आई, चूल, आम्ही आणि बाकीचा सगळा संसार. सकाळी डोळे उघडायच्या आधी मशीनचा आवाज कानात शिरायचा. त्याच्या जोडीला कर्जत स्टेशनात घाट चढायला आगगाडीला मागून इंजिन लावताना होणारा तो एक दणका. आईचं भाकरी थापणं या दोन्ही आवाजांच्या मधे चालायचं. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन हात धुतला तरी वास जात नसे, म्हणून आप्पांचा नियम होता, जेवून आलेल्यानं टेबलाला हात लावायचा नाही. पांढऱ्या कापडाला सुकटीचा वास लागला तर गिऱ्हाईक ओरडतं.

कोणी गाठोडं घेऊन आलं आणि "आप्पा, कपडा आनलाय," म्हणालं की आप्पा चष्म्यावरून बघत. "कपडा कुठं? कापड हाय हे. कपडा मी करनार, मंग तुमी नेनार." एकदा मी विचारलं, दोन्ही एकच ना. ते हातातलं काम थांबवून म्हणाले, "नाय गं. कापड अजून कोनाचंच झालेलं नसतं. त्याचा सदरा व्हईल, नायतर पिशवी व्हईल, काय सांगावं. कपड्याला मानूस असतो. ह्यो रामाचा, ह्यो गोमाचा." मग वस्त्र कुणाचं? तर देवाचं. आई कापूस वळून, हळदकुंकवाची बोटं लावून देवाला जी माळ करायची ती ना विणलेली ना शिवलेली, तरी तिला वस्त्र म्हणायचं. कपडा जुना झाला की धडुतं, धडुतं विरलं की फडकं, फडकं फाटलं की चिंधी, आणि चिंधीसुद्धा टाकायची नाही. ती आईच्या पिशवीत जायची, गोधडीसाठी. मयतासाठी कोणी मांजरपाट मागायला आलं तर आप्पा कातर लांब सरकवून ठेवत आणि हातानंच टर्रकन फाडून देत. ते शेवटचं म्हणजे पुन्हा कापडच, त्याला शिवण नसते. हे सगळं मला पाढ्यासारखं पाठ होतं. पुढं मी शाळेत मराठी शिकवलं ते याच शिदोरीवर. पण पाठ असणं वेगळं आणि हातात असणं वेगळं, हे मला सुमीनं शिकवलं, आणि तेव्हा तिचा मला इतका राग आला होता की आज लिहितानाही थोडा येतोच आहे.

सुमी म्हणजे माझ्या आत्याची मुलगी. आत्याचं गाव खालापूरकडं डोंगराच्या पायथ्याशी, तिथं शाळा सातवीपर्यंतच होती, म्हणून आठवीला ती आमच्याकडं आली. आम्ही दोघी तेरा वर्षांच्या. ती माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान, बारकी, सावळी, आणि बोलायला इतकी कमी की पहिले आठ दिवस आईला वाटलं, पोरीला बरं नाही. पिशवीत तिनं एक परकर, दोन पोलकी आणि आत्यानं दिलेले कडवे वाल आणले होते. त्या वालांचं बिरडं आईनं केलं तेव्हा ती ताटावर बसून रडली. मला तिची दया आली. ती शेवटची.

आप्पांचा एक खेळ होता. डोळे मिटायला लावून ते हातात कापडाचा तुकडा देत आणि विचारत, काय हाय? मी आठव्या वर्षापासून हा खेळ खेळत होते आणि माझं निम्मं चुकायचं. पॉपलीनला मी लाँगक्लॉथ म्हणे, आणि आप्पा हसत. सुमीनं पहिल्याच दिवशी चार तुकडे ओळखले. नावं तिला माहीत नव्हती, पण "ह्ये मामीच्या झंपराचं हाय", "ह्ये त्या मास्तरांच्या लेंग्याचं हाय" असं ती सांगत गेली आणि एकही चुकली नाही. पाचवा तुकडा हातात घेऊन ती म्हणाली, "मामा, ह्ये कोरं हाय. पान्यातून नाय काढलेलं." आप्पांनी तो तुकडा परत घेतला, स्वतः चुरगळून पाहिला आणि आतल्या खोलीकडं तोंड करून ओरडले, "ऐकलंस का गं? हात हाय पोरीला, हात!" आई पोळपाट घेऊन बाहेर आली आणि सुमीचा हात हातात घेऊन बघायला लागली, जणू तिथं काही लिहिलेलं असावं. माझे दोन्ही हात तेव्हा काजं करत होते. ते कोणी पाहिले नाहीत.

मला बेतायला कधी दिलंच नव्हतं असं नाही. आदल्या वर्षी आप्पांनी एक पोलकं बेतायला दिलं होतं, आणि मी कापडाची घडी चुकीची घालून दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या होत्या. शिकाऊ माणसाकडून ही चूक होतेच, पण आप्पांनी ती साऱ्या आळीला सांगितली आणि मंदा हे माझं नाव सोडून मला "डावरे" म्हणायला लागले. लाडानंच म्हणत, पण त्यानंतर कातर काही माझ्या हातात आली नाही. ती कातर मोठी होती, पितळी मुठीची, आणि कागदाला लावली तर आप्पा अंगावर धावून येत. दसऱ्याला तिची पूजा व्हायची. सुमी आली त्या वर्षी, आषाढ सरता सरता, आप्पांनी ती कातर सुमीच्या हातात दिली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आणखी एक गोष्ट मला खुपायची. सणाला माझे कपडे आप्पा शिवत, ते अगदी शेवटी, सगळी गिऱ्हाइकं उरकल्यावर, कधी कधी सणाच्या सकाळीच. मापसुद्धा घेत नसत, मला नुसतं उभं करून डोळ्यांनी बघत आणि म्हणत, "वाढलीस गं डावरे." मग शिवलेला झगा हातात मिळे, जसा असेल तसा. गळा कसा हवा, झालर हवी का, कोणी विचारत नसे. सुमीला मात्र ते कापडच काढून देत. "तुझं तूच बेत. तुला काय सांगायचं!" मग ती टेबलावर ओणवी होऊन खडूनं हव्या त्या रेघा मारी, आणि मी दारात नवा झगा घालून तिच्याकडं बघत बसे. तिला कापड मिळायचं आणि मला कपडा. त्या कापडापायी माझ्या पोटात दुखायचं, खरोखर दुखायचं, आणि आई ओवा द्यायची.

श्रावणात शाळेच्या ड्रिलच्या बाई आल्या. झेंडावंदनाला मुलींचं लेझीम बसवलं होतं, बारा मुली, त्यांना पांढरे झंपर हवे होते. बारांत मीही होते. सुमी नवी म्हणून नव्हती. बाईंनी जाड पांढरं सुती कापड आणलं होतं, खळीनं ताठ झालेलं. आप्पांनी माझ्यादेखत सांगितलं, "बाराच्या बारा सुमी बेतनार. मी नुसता बघनार." आणि माझ्याकडं वळून, "डावरे, तू कापड पान्यातून काढ. रातभर भिजव, खळ जाऊ दे, मंग चुलीच्या धगीला वाळव." सुती कापड आधी भिजवून आटवायचं आणि मगच कातर लावायची, हे आमच्या घरातलं रांगणारं पोरही सांगेल. नाहीतर शिवलेला कपडा पहिल्या धुण्याला आटतो आणि माणसाच्या अंगात शिरत नाही.

मी ते भिजवलं नाही. मागच्या पडवीत घेऊन गेले, बादलीसुद्धा भरली, आणि मग त्या भरलेल्या बादलीकडं बघत उभी राहिले. सुमीनं बेतलेले बारा झंपर साऱ्या शाळेपुढं, आणि एक माझ्याच अंगावर, हे काही मला गिळवेना. कापड मी हातानं चुरगळलं, वरून पाण्याचे चार शिंतोडे मारले आणि दुसऱ्या दिवशी कोळशाच्या इस्त्रीनं सारखं करून टेबलावर ठेवलं. पावसाळ्यात घरातलं सगळंच दमट आणि मऊ लागतं. आप्पांनी वरून हात फिरवला आणि मान डोलावली, कारण मी त्यांच्याशी खोटं बोलेन हे त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. सुमीनं रेघा मारल्या. कातर घेतली. पहिलं पातं बंद झालं आणि ती थांबली. मान वर करून तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, मिरवतेय. मी तोंड फिरवलं. मग कातर पुन्हा चालू झाली ती शेवटपर्यंत थांबली नाही.

झंपर सुरेख झाले. झेंडावंदनाला सगळे म्हणाले, किती बेतशीर बसलेत. आम्ही पावसाच्या भुरभुरीत लेझीम केलं, भिजलो, आणि घरोघरी ते झंपर धुतले गेले. आठवड्यानं खालापूरच्या कार्यक्रमाला जायचं म्हणून शाळेत पुन्हा घालायला सांगितले तर एकीचंही बटण काजापर्यंत पोचेना. माझा स्वतःचा तर काखेत असा अडकला की हात वरही जाईना आणि खालीही येईना, दोघींनी धरून ओढून काढला. ही अक्कल मला बादलीपाशी सुचली नव्हती. ड्रिलच्या बाई त्याच संध्याकाळी गाठोडं घेऊन आमच्या दारात. ओरडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "आप्पा, तुमच्या हातून असं होईल असं वाटलं नव्हतं." आप्पांचे कान लाल झाले. एवढ्या वर्षांत त्यांना असं कोणी म्हणालं नव्हतं.

त्यांनी सगळ्या झंपरांच्या बगला उसवायला घेतल्या, पट्ट्या घालून वाढवण्यासाठी. पट्ट्यांना त्याच जातीचं कापड हवं, म्हणून आईच्या चिंध्यांची पिशवी ओतली. त्यातला एक पांढरा तुकडा उचलून त्यांनी बोटांत चोळला. मग दुसरा चोळला. मग जिभेला लावला. "ही चिंधी कोरी हाय," ते हळूच म्हणाले. भिजवलेल्या कापडाच्या चिंधीत खळ कशी असेल? चिंध्या बोलतील हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. आई चुलीपाशी उभी राहिली होती. मी उसवलेल्या बगलेतले दोरे वेचायला लागले.

"मामा, माजं चुकलं," सुमी म्हणाली. "मंदाला मी बोलले, तू राहू दे, मी भिजवते. आन इसरले."

आप्पांनी तिच्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. त्यांना कळलं असणार, मला आजही खात्री आहे. कातर उचलून त्यांनी मशीनच्या खणात ठेवली आणि खण लावून टाकला. आणि मला काय वाटलं ते लिहायचं म्हणूनच हे प्रकरण लिहितेय: मला हायसं वाटलं नाही, लाजही वाटली नाही. मला तिचा हेवा वाटला. आता चांगुलपणासुद्धा हीच घेऊन गेली, असं वाटलं.

गणपती-दसऱ्याला सुमीला पुन्हा कापडच मिळालं, तेवढ्यापुरती कातर खणाबाहेर आली. सहामाही परीक्षा झाली आणि आत्या तिला न्यायला आली. "पोरीचं मन रमत नाय हितं," एवढंच ती म्हणाली. शाळा तिथंच सुटली. निघताना आईनं तिला कुंकू लावलं, आणि आप्पांनी पेटीतून चार वार कापड काढून तिच्या हातावर ठेवलं. आकाशी रंगाचं, बारीक पांढरी फुलं, पेटीत कधीपासून जपून ठेवलेलं, ज्याचा झगा मी मनातल्या मनात शंभरदा घातला होता. "तुझं तू बेत," आप्पा म्हणाले. सुमीनं वाकून नमस्कार केला आणि ते कापड छातीशी धरून बाहेर पडली. मी पडवीत जाऊन रडले. आईला वाटलं, सुमी गेली म्हणून.

पुढं तिचं खालापुरातच लग्न झालं, तिनं घरी मशीन टाकलं, आणि सुमीनं बेतलेला ब्लाऊज म्हणून पार चौक गावापर्यंतच्या बायका तिच्याकडं येऊ लागल्या. आम्ही लग्नाकार्यात भेटत राहिलो. बादलीचा विषय मी काढला नाही. आप्पा गेले तेव्हा तीही आली होती. मांजरपाट फाडायची वेळ आली तेव्हा कोणाला नीट सरळ फाडता येईना. तिनं पदर खोचला आणि मांजरपाट एका दमात फाडला. तेव्हाही मला वाटलं होतं, हे मी करायला हवं होतं.

या दिवाळीनंतर ती टमटममधून आली, गुडघे धरत. आता ती एकटीच असते, डोळेही अधू झालेत, शिवण बंद केलीय. माझ्या पलंगावर बसली आणि सवयीनं तिचा हात अंथरलेल्या गोधडीवर फिरायला लागला. ही आईनं शिवलेली गोधडी. आप्पांनी माझ्यासाठी शिवलेला एकूण एक झगा आणि परकर चिंध्या होऊन हिच्यात गेलाय. मधे मधे त्या झंपरांच्या बेतातून उरलेले कोरे पांढरे तुकडे आहेत, आणि पहिल्या धुण्याला ते आटून त्यांनी शेजारच्या तुकड्यांना जागोजाग चुण्या पाडल्यात. सुमीचं बोट बरोबर त्या चुणीवर थांबलं.

"सुमे," मी म्हणाले, "ते कापड मी भिजवलं नव्हतं."

"ठाव हाय. पहिल्या कातरीलाच समजलं. खळीचं कापड करकरतं."

"मग बोलली का नाहीस? कापत का गेलीस?"

तिनं ती चुणी बोटानं ताणून सरळ केली. "तुला हसू येईल, मंदे. मला वाटलं, एकदा मोठं चुकलं की मामा माज्याकडनं कातर काढून घेईल. मंग मीबी तुज्यासारखी. सनाला मला बी समोर उभं करील, वाढलीस गं म्हनेल, आन एक झगा शिवून देईल. मला नुसतं कापडच दिलं गं त्यानं. तुजं तू बेत, तुजं तू बेत. त्याच्या हातचं माज्या अंगावर कायच नाय."

मला हसू आलं नाही. तिनं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. आकाशी रंग, बारीक पांढरी फुलं. घडीवर पिवळी रेघ पडली होती, पण कापड तसंच होतं, एकही कातर न लागलेलं. "मी नाय बेतलं कदी," ती म्हणाली. "तू शिव. साधा झंपर शिव. मामाच्या हातचा नाय तर मामाच्या लेकीच्या हातचा."

"मला येत नाही गं. माहीत आहे ना तुला? दोन डाव्या बाह्या होतील."

"व्हऊ दे की."

खरं सांगते, त्या क्षणीही माझ्या पोटात तेच जुनं दुखलं. आप्पांनी शिवलेलं माझं सगळं वापरून, विरून, फाटून या गोधडीत गेलं, आणि तिच्यापाशी मात्र त्यांनी दिलेलं चार वार अजून अख्खं होतं. मी तिचं माप घेतलं. टेप लावताना लक्षात आलं, दंड किती बारीक झालेत. जाताना टमटममध्ये चढवताना मी तिला म्हणाले, "वाढली नाहीस गं," आणि ती इतकी हसली की ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा घेतला नाही. आधी बादली भरली आणि ते कापड पाण्यात बुडवलं. इतक्या वर्षांची खळ हळूहळू वर आली आणि पाणी ढवळं झालं. ते मी फेकलं, नवं भरलं, आणि संध्याकाळपर्यंत बादलीपासून फार लांब गेले नाही.